एस्प्रेसो यंत्राचा गृहप्रवेश

कोणतेंहि यंत्र दुकानांतून निघून घरांत आलें, म्हणजे त्याच्याबरोबर तें चालविणारा माणूस येत नाहीं. शिवणयंत्राबरोबर शिंपी घरीं आला नाहीं. त्याची विद्या गृहिणीला स्वतःच शिकावी लागली. एस्प्रेसो कॉफीच्या यंत्राचें असेंच आहे. आज आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत हें यंत्र ओट्यावर येऊन बसलें आहे. आणि पहिल्या आठवड्यांत त्यांतून उतरणारा पेला एक दिवस आंबट, तर दुसऱ्या दिवशीं कडूजहर लागतो. घरांतील मंडळी यंत्राला दोष देतात. वास्तविक या तक्रारीचें उत्तर त्या यंत्राच्या इतिहासांत आहे, व तोच आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

या इतिहासाचा आरंभ उत्तर इटलींत होतो. १८८४ सालीं तुरीन शहरांत मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें अँजेलो मोरिओंडो या गृहस्थानें वाफेच्या बळानें कॉफी करणारें एक यंत्र मांडलें, व त्याचें पेटंटहि घेतलें. मोरिओंडो हा हॉटेलचा धंदा करणारा; गर्दीच्या वेळीं गिऱ्हाईक तिष्ठत राहतें, ही त्या धंद्यांतील नित्याची अडचण. त्याचें यंत्र एका दमांत पुष्कळ पेल्यांची कॉफी करी. परंतु विक्रीकरितां तें त्यानें फारसें तयार केलें नाहीं, आणि पुढें कित्येक दशकें त्याचें नांवहि विस्मृतींत गेलें.

पुढचें पाऊल मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यानें १९०१ सालीं टाकलें. मुठीच्या लहानशा गाळणींत कॉफीची पूड भरावी, ती मूठ यंत्राला फिरवून अडकवावी, आणि वाफेनें रेटलेलें पाणी त्या पुडींतून थेट एकाच गिऱ्हाइकाच्या पेल्यांत उतरावें, ही त्याची योजना. कल्पना बेझ्झेराची, पण तिचा व्यापार केला तो देझिदेरिओ पावोनी यानें. त्यानें पेटंटाचे हक्क विकत घेतले, आणि १९०६ सालच्या मिलानच्या प्रदर्शनांत ही नवी कॉफी लोकांपुढें आली. ‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दांत दाबून काढलेली, वेगानें केलेली आणि खास तुमच्याकरितां केलेली, अशा तिन्ही छटा आहेत.

या यंत्रांत एक मोठें वैगुण्य मात्र होतें. आपल्या न्हाणीघरांतील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या उभ्या, झळझळीत यंत्राची कल्पना सहज येईल. दाब वाफेचाच असल्यामुळें तो वाढवावयाचा तर उष्णताहि वाढवावी लागे. बंद भांड्यांतील पाणी १०० अंशांच्या बरेंच पलीकडे जाई, आणि तरीहि दाब दीड वातावरणाच्या आसपासच राही. परिणामीं कॉफी झटपट होई खरी, पण चवीला करपट लागे. दाब आणि उष्णता यांची ही गांठ कशी सोडवावी, हा प्रश्न पुढें चाळीस वर्षें कारागिरांना छळीत होता.

ती गांठ मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यानें सोडविली. त्याचें पहिलें पेटंट १९३८ सालचें. मध्यंतरीं महायुद्ध आलें. इटलींत कॉफीच दुर्मिळ झाली. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं त्यानें तरफेच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि पुढल्या वर्षापासून तीं यंत्रें कॉफीगृहांत दिसूं लागलीं. युक्ति सोपी होती. तरफ खालीं ओढली म्हणजे आंतील स्प्रिंग दबे व पाणी नळकांड्यांत शिरे. हात सैल केला म्हणजे स्प्रिंग दट्ट्याला रेटी, आणि आठ ते दहा वातावरणांच्या दाबानें पाणी पुडींतून पार होई. दाब आतां स्प्रिंगचा होता. पाणी जाळण्याचें कारण उरलें नाहीं. पेल्यावर तपकिरी सोनेरी साय आली, तीहि याच दाबामुळें. गिऱ्हाइकें त्या फेंसाकडे प्रथम संशयानें पाहत. गाज्जानें ती कॉफीची नैसर्गिक साय आहे अशी जाहिरात केली, आणि आज हीच साय एस्प्रेसोची ओळख होऊन बसली आहे.

पुढें १९६१ सालीं एर्नेस्तो व्हालेंते यांच्या फाएमा कंपनीनें ई-६१ हें यंत्र काढलें. त्या वर्षींच्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याचें नांव ठेविलें होतें. त्यांत तरफेची जागा विजेच्या पंपानें घेतली. दाब नऊ वातावरणांचा व एकसारखा झाला. शिवाय मूठ जेथें अडकते त्या जड धातूच्या भागांतून ऊन पाणी सतत खेळतें राहून तो भाग तापलेला राही.

घरची कथा याहून निराळी. इटालियन घरांत आधीं शिरली ती आल्फोन्सो बियालेत्ती याची १९३३ सालची आठ पैलूंची ॲल्युमिनियमची मोका किटली. तिचा दाब बेताचा, म्हणून शास्त्रार्थानें ती एस्प्रेसो नव्हे. १९५० नंतर तरफेचीं लहान यंत्रें घरांकरितां निघालीं. त्यांतील पावोनीचें ‘युरोपिकोला’ प्रसिद्ध आहे. मग पंपाचीं यंत्रें आलीं, आणि आपल्या ओट्यावरील यंत्र बहुधा याच कुळांतलें असतें.

आतां मूळ तक्रारीकडे वळूं. घरच्या यंत्राला पंप मिळाला, पण ई-६१चा जड, तापलेला धातु मिळाला नाहीं. म्हणून चालू केल्याबरोबर काढलेला पेला थंड धातूवर आपटून आंबट होतो. यंत्राला मुठीसह पुरतें तापूं देणें हा पहिला धडा. पूड जाड असली तर पाणी धो धो निघून जातें व कॉफी आंबट, पाणचट होते. अति बारीक असली तर थेंब थेंब गळून कडू होते. सुमारें सात ग्रॅम पूड, पंचवीस सेकंद आणि पंचवीस ते तीस मिलिलिटर कॉफी, हें इटालियन प्रमाण हाताशीं ठेवून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बोअरचें जड पाणी वापरणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें: बंबांत चढतें तसेंच क्षाराचें पुट या यंत्राच्या पोटांतहि चढतें. म्हणजे उष्णता, दाब व एकसारखेपणा यांसाठीं कारागिरांनीं जी साठ वर्षें खर्च केलीं, त्यांची उजळणी घरच्या माणसाला महिनाभरांत करावी लागते!

आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे. लग्नमंडपांत वाफेनें फेंसाळलेल्या दुधाची, वर चॉकोलेटची पूड भुरभुरलेली कॉफी आपण वर्षानुवर्षें ‘एस्प्रेसो’ म्हणून प्यालों. त्या सवयीच्या जिभेला घोटभर काळी कॉफी परकी वाटणारच. पण ती सर्वस्वी परकी नाहीं; भारतांत पिकणाऱ्या रोबुस्टा कॉफीचा मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे, आणि दाट साय यावी म्हणून ती तेथील मिश्रणांत घालतात.

हा सारा खटाटोप वांचविणारा मार्गहि आहे. १९८६ पासून नेस्प्रेसोनें बंद पुड्या बाजारांत आणल्या. पुडी घाला, कळ दाबा, पेला तयार. सकाळच्या घाईंत ही सोय लहान नाहीं. परंतु त्या पुडींत पूड किती बारीक, किती ताजी, किती वजनाची, हें सारें परक्यानें ठरविलेलें असतें, आणि प्रत्येक पेल्यामागें एक रिकामें वेष्टण उरतें. तरफ गेली तेव्हां मनगटाचे श्रम गेले, त्याबद्दल कोणी शोक करूं नये. पुडीबरोबर मात्र निवड जाते, आणि पेला बिघडला तर तो कां बिघडला हें समजण्याचा मार्गहि जातो. म्हणून ज्यांच्या घरीं नवें यंत्र आलें आहे, त्यांनीं पहिल्या महिन्यांतील आंबट-कडू पेले वाया गेले असें समजूं नये. दुकानांत मागें राहिलेल्या माणसाची विद्या त्याच पेल्यांतून घरांत उतरत असते.