पत्र पोहोचेपर्यंत

अकराव्या शतकातला एक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. तो फुस्तातला, म्हणजे आजच्या जुन्या कैरोत राहतो. अळशीच्या धाग्याच्या गासड्या त्याने जहाजाने सिसिलीला पाठवल्या. तिथला अडत्या त्या विकणार आणि पैसे पाठवणार. काही महिन्यांनी पत्र येते की माल भिजला, भाव पडला, हाती थोडेच आले. अडत्या खरे बोलतोय की निम्मी रक्कम खिशात घालतोय, हे या व्यापाऱ्याने फुस्तातमध्ये बसून कसे ओळखायचे? हिवाळ्यात तर समुद्र बंद. शंका विचारायची झाली तरी वसंत ऋतूची वाट पाहायची.

त्या काळच्या व्यापाऱ्यांची पत्रे आज वाचायला मिळतात ती एका रिवाजामुळे. आपल्याकडे कुराणाची जीर्ण पाने जशी रद्दीत टाकत नाहीत, तसेच ज्यू लोक देवाचे नाव असलेला कागद नष्ट करत नसत. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या एका बंद खोलीत, म्हणजे गनिझात, असे कागद शतकानुशतके साचत गेले. त्यांत व्यापारी पत्रेही निघाली. भाषा अरबी, लिपी हिब्रू. फातिमी खलिफांच्या राज्यातले हे मगरिबी ज्यू व्यापारी ट्युनिशियातल्या कैरवानपासून सिसिली, अलेक्झांड्रियापर्यंत माल फिरवत. एस. डी. गोइटाइन यांनी या कागदांत हयात घालवली.

पुढे १९८९ मध्ये अव्हनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञाने त्या पत्रांत एक जुने कोडे सुटताना पाहिले. दोघांची गाठ एकदाच पडणार असेल तर फसवणे फायद्याचे. पण व्यवहार पुन्हा पुन्हा होणार असेल तर आजच्या लबाडीने उद्याचा धंदा बुडतो, म्हणून माणूस सरळ वागतो. ग्राइफच्या मते मगरिबींनी यात भर घातली ती अशी, की एकाला फसवले तर सगळ्यांनीच तोंड फिरवायचे. १०५५ मध्ये जेरुसलेमच्या अबून बेन झदाकावर पैसे हडपल्याचा आरोप झाला. न्यायालयात काही सिद्ध झालेले नव्हते. तरी पार सिसिलीतल्या व्यापाऱ्यांनी त्याच्याशी संबंध तोडले.

इथपर्यंत गोष्ट फार गोड वाटते. पण ‘सगळ्यांना खबर असणे’ आणि ‘सगळ्यांना खरी खबर असणे’ यांत फरक आहे, आणि त्या फरकाचा मार सम्हून बेन दाऊदला बसला. हा ट्युनिशियातला नावाजलेला व्यापारी. सन १००० च्या सुमारास फुस्तातचा बडा व्यापारी जोसेफ इब्न अवकल याचा समज झाला की सम्हूनने पैसे वेळेवर पाठवले नाहीत. मग त्याने सम्हूनचे फुस्तातमधल्या दोन सावकारांचे देणे, सम्हूनने सांगूनही, अडवून ठेवले. पैसे निघाले होते, हे जोसेफला कळेपर्यंत सावकारांची निंदेची पत्रे चहूकडे गेली होती. सम्हूनने लांबलचक पत्र लिहून आपली अब्रू गेल्याचे गाऱ्हाणे मांडले. त्या पत्राचा बोचरा सूर हजार वर्षांनीही ओळखू येतो. खरी खबर उशिरा पोहोचली एवढाच गुन्हा. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात जहाजे नाहीत, पण सम्हून आहेत.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने संगणकांवर खेळांची स्पर्धा लावली, तेव्हा अनातोल रॅपोपोर्टची ‘जशास तसे’ ही साधी चाल जिंकली होती. पुढे लक्षात आले की एखादी चाल चुकून उलटी वाचली गेली, तर असे दोन खेळाडू एकमेकांना शिक्षा देत बसतात, कारण प्रत्येकाच्या मते सुरुवात समोरच्याने केलेली असते. थोडी माफी चालीतच मुरवावी लागते. पण माफी फार मोकळी ठेवली की लबाडाचे फावते.

मगरिबींनी यावर काय केले? त्याच मजकुराची पत्रे दोन-तीन जहाजांनी धाडायची, बाजारभाव कळवत राहायचे, व्यवहार साक्षीदारांसमोर करायचे. आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यू शरीयतीतल्या एका जुन्या भागीदारीत अडत्याला तोट्याचा वाटा उचलावा लागे. मुस्लिम कायद्यातल्या किराद अर्थात मुदारबतीत, अडत्याचा हलगर्जीपणा नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलदाराचा. या ज्यूंनी अनेकदा दुसरा प्रकार पत्करला. म्हणजे प्रश्न तोटा झाला का असा न राहता, तो कसा झाला असा झाला.

२०१२ मध्ये एडवर्ड्स आणि ओगिल्व्ही यांनी ग्राइफला हरकत घेतली: हे व्यापारी काजीकडे आणि आपल्या धर्मन्यायालयांतही जात होते, सामूहिक बहिष्काराचे पुरावे तुटपुंजे आहेत. ग्राइफने उत्तर दिले, वाद मिटलेला नाही. मला हरकत पटते, पण अर्धीच. न्यायालयात जायलाही पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तीच पत्रे, तेच साक्षीदार.

या वर्तुळाची हद्द कुठे संपते ते आपल्याच किनाऱ्यावर दिसते. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाचा ज्यू व्यापारी मंगळूरला राहत होता. तिथल्या एका पुरवठादाराने वेलदोड्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि माल दिला नाही. एडनहून बेन यिजूला पत्र आले: त्याला सांग, आमच्याकडे देणे बुडवणाऱ्याची जाहीर निर्भर्त्सना होते; ऐकत नसेल तर तसे अधिकृत पत्रच धाडू. पण तो पुरवठादार ना मगरिबी होता, ना एडनच्या बाजारात त्याची पत होती.