चालू युद्ध आणि इतिहासाचा शिक्षक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात मी १९६५ च्या सप्टेंबरात बसत होतो. पाकिस्तानशी युद्ध सुरू होते. आपल्या ग्वाल्हेरात खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते. एके सकाळी लाहोर पडल्याची वार्ता घेऊन मी धावत वर्गात शिरलो आणि सर्वांनी जयघोष केला. गुरुजींनी तो शमू दिला. मग फळ्यावर तारीख घालून खाली लिहिले : ‘लाहोर – ऐकीव. पडताळा नाही.’ मला राग आला. मागच्या बाकावरील एका मुलाचा थोरला भाऊ आघाडीवर होता. तो मुलगा जयघोषात सामील झाला नव्हता, हे गुरुजींनी पाहिले होते. मी पाहिले नव्हते. लाहोर पडले नव्हते. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला, पण माझा राग जायला बरीच वर्षे लागली.

२०२३ च्या अखेरीस अध्यापक महाविद्यालयातील काही छात्राध्यापक माझ्याकडे आले, तेव्हा तो फळा मला पुन्हा आठवला. त्यांना युक्रेनच्या युद्धावर पाठ घ्यावयाचा होता. ‘सर, शेवटच ठाऊक नाही, तर इतिहास शिकवायचा कसा?’ हा त्यांचा प्रश्न.

मी मराठीचा अध्यापक. म्हणून शब्दांपासून आरंभ केला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या सैन्याने युक्रेनवर आक्रमण केले. रशियन शासनाने त्यास ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले आणि सैन्याविषयी ‘खोटी’ माहिती पसरविणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावास देणारा कायदा मार्च २०२२ मध्ये केला. सप्टेंबर २०२३ पासून तेथील अकरावीला इतिहासाचे नवे पुस्तक लागले. त्यात या कारवाईवरही मजकूर होता. युद्ध चालू असतानाच त्याचा निवाडा छापून झाला होता! शेवट ठाऊक नसलेल्या शिक्षकापेक्षा, तो ठाऊक असल्याचा आव आणणारे पुस्तक मला अधिक भयावह वाटते.

मग शिकवावे काय? जे पक्के आहे ते निःसंकोच शिकवावे. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनमधील मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. युक्रेन अण्वस्त्रे सोडत असताना, १९९४ साली बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडून घेतला. या घटना आहेत. समतोलाच्या नावाखाली त्यांना ‘एका बाजूचे म्हणणे’ ठरवू नये. नाटोच्या विस्तारावरील रशियाचा आक्षेपही सांगावा, मात्र तो रशियाचा म्हणून सांगावा. मृतांचा आकडा कोणी व कोणत्या तारखेला दिला हे लिहिल्याखेरीज तो फळ्यावर घालू नये. आणि जे ठाऊक नाही, त्याची जागा रिकामी म्हणूनच दाखवावी.

या रिकाम्या जागेचे महत्त्व शिंद्यांच्या या नगरीत वेगळे सांगावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, परंतु त्यांच्या मृत्यूविषयीची शंका पुरती मिटली नाही. लोकांनी ती जागा आपल्या इच्छेने भरली. भाऊ म्हणून तोतया उभा राहिला, माणसे त्याच्यामागे गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत ते प्रकरण चालले. लाहोरची वार्ता आणताना माझीही गत त्या लोकांसारखीच झाली होती.

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्या तरुण शिक्षकाने प्रथम फळ्यावर तारीख घातली. मध्येच एका मुलीने विचारले, ‘सर, माझा मामेभाऊ खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होता. तो परत आला. त्याच्या कॉलेजची इमारत अजून उभी आहे का?’

तो क्षणभर थांबला. ‘मला ठाऊक नाही,’ तो म्हणाला. ‘शोधतो, आणि पक्के कळले तरच उद्या सांगतो.’

ते उत्तर ऐकावयास आज गुरुजी हवे होते.