तारांच्या पिंजऱ्यात शंभर नॅनोसेकंद

हार्लेम, १७९०. मार्टिनस व्हान मारुम यांच्यापुढे शंभर लायडन पात्रं एकमेकांना जोडलेली आहेत आणि मीटरभर लांब तार ताणून बसवलेली आहे. पात्रांत साठवलेली वीज तारेत शिरते, तुमच्या कानठळ्या बसतात आणि तार जागेवर नसते. तिची वाफ झालेली असते.

इथं फार रेंगाळू नका. १९०५ साली सिडनी विद्यापीठात पोलॉक आणि बॅराक्लफ यांच्या टेबलावर तांब्याची एक पोकळ नळी ठेवलेली आहे. हार्टली व्हेलच्या रॉकेल कारखान्यावर ती तडितवाहक म्हणून लावली होती. तिच्यावर वीज पडली. ती हातात घ्या. कुणी हातोडी मारलेली नाही, तरी नळी आत चेपलेली आहे. दोघांनी नेमकं कारण शोधून काढलं: प्रवाह स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र त्याच प्रवाहाला आत दाबतं.

म्हणजे तारेच्या चिंध्या करणारी वीज आणि नळी चेपणारी वीज एकच. हे दोन्ही एका दमात घडताना पाहायचं, तर १९९८ गाठा. न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की शहर, सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा, 'झेड' यंत्र.

यंत्राचा व्यास ३३ मीटर. बाहेरच्या कड्यात, तेलात बुडवलेली ३६ मार्क्स जनित्रं, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या धारित्रांचे संच आहेत. त्याच्या आत पाणी. विजेजवळ पाणी नको, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण क्षार पूर्ण काढून टाकलेलं पाणी क्षणभर लाखो व्होल्ट धरून ठेवतं आणि विजेचा लांबट ठोका आखूड, टोकदार करायला मदत करतं. मधोमध निर्वात कोठी.

तिकडे जाण्याआधी जुळणीच्या टेबलापाशी थांबा. खरं कसब इथं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेला तंत्रज्ञ चिमट्यानं टंगस्टनची तार उचलतोय. तिची जाडी ७.५ मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. दिवा तिरपा पडला तर ती चकाकते, नाहीतर दिसतही नाही. ताण राहावा म्हणून टोकाला इवलंसं वजन. अशा २४० तारा ४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि आतल्या लहान वर्तुळावर आणखी १२०. सगळा पिंजरा दोऱ्याच्या रिळाएवढा.

इतक्या तारा कशाला? सँडियातल्याच टॉम सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी 'सॅटर्न' या धाकट्या यंत्रावर ॲल्युमिनियमच्या तारा १० पासून १९२ पर्यंत वाढवत नेल्या. मोजक्या तारा असताना प्रत्येकीचा प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, वेगळा राहायचा. दाटी वाढली तशी एकसंध भिंत तयार होऊ लागली आणि ती आत कोसळताना निघणाऱ्या क्ष-किरणांची शक्ती झपाट्यानं चढली. १९९६ साली हे छापून आलं. वीज वाढवायच्या आधी तारा वाढवून पाहण्याचा हा विचार मला या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा वाटतो.

आता सगळे बाहेर जातात, दारं बंद होतात, धारित्रं भरू लागतात. तुम्ही मात्र निर्वात कोठीतच थांबा आणि वेळ ताणून धरा. तुमच्यापाशी जेमतेम शंभर नॅनोसेकंद आहेत. तेवढ्यात प्रकाश ३० मीटर जातो.

प्रवाह चढतो. तारांचा पृष्ठभाग उडून प्लाझ्मा होतो. गाभा अजून तुलनेनं थंडच आहे. हा प्लाझ्मा थेट अक्षाकडे वाहू लागतो, तारा मात्र जागेवरच. प्रवाह दोन कोटी अँपिअरच्या घरात पोचतो. तारांचं द्रव्य संपत येतं आणि उरलेली भिंत सुटते, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं आत येते. नीट पाहा, ती गुळगुळीत नाही. हलकं चुंबकीय क्षेत्र जड प्लाझ्माला ढकलतंय, म्हणून तिच्यावर लाटा उठतात, बोटं फुटतात. ती आतल्या १२० तारांमधून जाते तेव्हा त्यातला बराच ओबडधोबडपणा निवतो. मग अक्षावर सगळं एकमेकांवर आदळतं.

क्ष-किरण! पाचेक नॅनोसेकंद सुमारे २८० लाख कोटी वॅट, त्या वेळच्या जगभरच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या सुमारे ऐंशीपट. बाहेर पडलेली एकूण ऊर्जा मात्र घरच्या मीटरवरच्या अर्ध्या युनिटाइतकी. आजूबाजूच्या इमारतींना हादरा बसतो. पिंजरा उरत नाही. कोठीचा मधला भाग साफ करून पुढच्या प्रयोगासाठी पुन्हा तारा ओवायच्या.

हे यंत्र कशासाठी, हेही लपवू नये. १९९२ नंतर अमेरिकेनं अणुचाचण्या थांबवल्या आणि अस्त्रांच्या अंतरंगातली परिस्थिती अभ्यासायला अशी साधनं हवी होती. त्याच क्ष-किरणांनी पुढे सूर्याच्या पोटात असतं तसं तप्त लोखंड प्रयोगशाळेत मोजता आलं. मला ते काम कितीतरी मोलाचं वाटतं.

एक शेवटची उडी, २००६ साली छापून आलेल्या 'झेड'वरच्याच प्रयोगाकडे. या वेळी तारा पोलादाच्या आहेत. लोखंड आणि मँगनीजच्या वर्णरेषा इतक्या रुंदावल्या आहेत की आयनांचं तापमान दोनशे कोटी अंशांच्या पुढे निघतंय. आदळण्याच्या वेगातून मिळायला हवी त्यापेक्षा क्ष-किरणांत तिप्पट-चौपट ऊर्जा आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे माल्कम हेन्स यांचा हिशेब असा: दबलेल्या प्लाझ्मात बारीक, वेगवान अस्थिरता उसळतात, त्यांची खळबळ घर्षणानं विरते आणि चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा त्या वाटेनं आयनांमध्ये उतरते.