मुंबईची बाजारी हिंदी

सुशिक्षितांच्या बैठकींत मुंबईच्या हिंदीचा विषय निघाला कीं प्रथम हंशा पिकतो. कोणी 'अपुन' म्हणून दाखवितो, कोणी 'कायको'. आणि ही मोडकीतोडकी भाषा गुंडमवाल्यांनीं जन्माला घातली, असा निकाल देऊन मंडळी चहाकडे वळतात. आमच्या मतें हा निकाल इतिहासाला सोडून आहे. ही भाषा कष्टकऱ्यांनीं घडविली. गुंडाच्या तोंडीं ती मुख्यतः बोलपटांनीं बसविली. हा पालट कसा झाला, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, आणि १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंतील पहिल्या सुताच्या गिरणीची कंपनी काढली. पुढें या बेटावर जीं माणसें लोटलीं, त्यांत रत्नागिरीकडचा कोंकणी शेतकरी होता, साताऱ्याकडचा गडी होता, तेलंगणांतला कामाठी, उत्तर हिंदुस्थानांतला विणकर, काठेवाडचा व्यापारी आणि गोव्याचा स्वयंपाकीही होता. घरीं प्रत्येकाची भाषा निराळी. परंतु गोदींत, गिरणीच्या सांच्यापाशीं, भाजीच्या पाटीपुढें आणि नळाच्या रांगेंत एकमेकांचें बोलणें कळल्यावांचून दिवस निभत नव्हता. हिंदुस्थानीचा तोंडवळा बहुतेकांच्या ओळखीचा; तिच्यावर ज्यानें त्यानें आपापल्या घरचे शब्द चढविले. त्यांत मराठी माणसाचा वांटा मोठा आहे.

या बोलीस व्याकरण नाहीं, असा आक्षेप घेतात. पण 'मुझे' ऐवजीं 'मेरेको' आणि 'तुझे' ऐवजीं 'तेरेको' हीं रूपें बेशिस्तीचीं नव्हत. अपवाद गाळून नियम सरळ केल्याचीं तीं उदाहरणें आहेत. 'तेरेको आने का है' हें वाक्य दिल्लीकराला खटकतें. आमच्या 'तुला यावयाचें आहे' याच्या शेजारीं तें ठेवा, म्हणजे सांगाडा कोठला हें ध्यानीं येईल. 'भिडू' हा आपल्या खेळांतला गडी, आणि 'बोम मारना' ही आपलीच बोंब. 'अपुन' हें तर मराठी 'आपण' आणि गुजराती 'आपणे' यांचें भावंड. मराठींत त्या शब्दांत बोलणारा व ऐकणारा दोघेही सामावतात; मुंबईच्या रस्त्यावर तो पुष्कळदां एकट्या बोलणाऱ्याचा झाला. तेव्हां जिला आपण हंसतों, तिच्या हाडामांसांत आपलीच मराठी आहे.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत अर्देशीर इराणी यांचा 'आलमआरा' लागला आणि हिंदी बोलपटाचा जन्म झाला. बोलपट मुंबईंत निघत. पण नायकनायिकेचें भाषण पारशी रंगभूमीच्या वळणाचें, उर्दूच्या घाटाचें असे. रस्त्यावरची बोली आली ती बहुधा हलक्या पात्रांच्या तोंडीं, हंशा मिळविण्यासाठीं. १९७७ सालीं मनमोहन देसाई यांनीं 'अमर अकबर अँथनी' मध्यें ती अमिताभ बच्चन यांच्यासारख्या आघाडीच्या नटास दिली. संवाद कादर खान यांचे होते. त्यांचें बालपण कामाठीपुऱ्यांत गेलें असल्यानें ही भाषा त्यांना कोठें शोधावी लागली नाहीं. परंतु तो अँथनीही दारूचा गुत्ता चालविणाराच! १९९५ च्या 'रंगीला' मधील मुन्ना चित्रपटाचीं तिकिटें काळ्या बाजारांत विकतो. १९९८ च्या 'सत्या' मधील भिकू म्हात्रे हा टोळीचा म्होरक्या. २००३ च्या मुन्नाभाईचें अंतःकरण सोन्याचें, पण धंदा गुंडाचाच.

मूळ बोलणाऱ्यांचें याच काळांत काय झालें? १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. संप फसला, पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागीं उंच मनोरे व दुकानांचे महाल उभे राहिले. भाषेचे धनी असे दृष्टीआड होत असतांना पडद्यावर ती भाषा मात्र वाढत होती, आणि तीही गुन्हेगारीची खूण म्हणून. दूरच्या शहरांतील प्रेक्षकाला ती ऐकतांच सुरा आठवूं लागला. गिरणीचा सांचा आठवेनासा झाला.

बोलपटांस सर्वस्वीं दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. त्यांनींच ही बोली मुंबईच्या वेशीबाहेर नेली व तिची गोडी लोकांस लाविली. २०१९ च्या 'गली बॉय' चा नायक धारावींतील एका मोटारचालकाचा मुलगा असून तो याच रस्त्यावरच्या बोलींत कवनें रचतो, हेंही नमूद केलें पाहिजे.

वाचकांस आमची विनंती एवढीच. भाजीवाल्याशीं आणि टॅक्सीवाल्याशीं आपणही ही भाषा बोलतों. घरांतील मुलेंही ती उचलतात. तीं बोलूं लागलीं म्हणजे 'अशुद्ध' म्हणून त्यांस दटावण्यापूर्वीं ती कोणी आणि कशासाठीं घडविली, हें त्यांस सांगावें. अनोळखी माणसांना एका चाळींत, एका नळावर नांदविण्याचें काम तिनें शंभराहून अधिक वर्षें केलें आहे. शुद्ध म्हणविणाऱ्या आपल्या भाषांपैकीं एकीलाही तें एकटीनें साधलें नव्हतें.