गंजी : उन्हाळ्यातली वैरण आणि मराठी मुलखाचा इतिहास

सीमाभागाच्या इतिहासावर आपल्या मंडळात बरंच वाचलं-बोललं जातं. किल्ले, वतनं, सनदा, संस्थानं, १९५६ नंतरचा सीमाप्रश्न. या टिपणाचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे : कडब्याची गंजी. पण गेली काही वर्षं जुनी पत्रं वाचताना मला सारखं जाणवत आलंय, की घोडदळाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या राज्याचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी त्या घोड्यांनी जेठ-आषाढात खाल्लं काय, हे विचारायला हवं. त्या प्रश्नाचं उत्तर दफ्तरात थोडं सापडतं, आणि बरंचसं शेतकऱ्याच्या परड्यात.

माझी नोकरी यंत्रांची. त्यामुळे वजन, घनफळ, ओलावा या भाषेत विचार करायची खोड आहे. ती इथे उपयोगी पडली.

सुगीनंतरचं काम

निपाणीजवळ आमची काळ्या रानाची शेती. तंबाखू होता, पण घरचं खाणं आणि जनावरांचं पोट शाळूवर. शाळू भाद्रपद-आश्विनात पेरायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा. आमच्याकडे तो मुळासकट उपटतात. उपटलेली ताटं चार-सहा दिवस रानात ओळीनं पडायची, बायका कणसं खुडायच्या, कणसं खळ्यावर जायची. पुस्तकात सुगीचं वर्णन बहुधा इथे, धान्याच्या राशीपाशी संपतं. घरातल्या गड्यांचं खरं घामाचं काम इथून पुढे सुरू व्हायचं, कारण आता ऊन चढायला लागलेलं असायचं आणि वैरण घरी यायची असायची.

पेंढ्या बांधायच्या त्या पहाटे. यामागचं कारण साधं आणि शास्त्रशुद्ध आहे. कडब्यातला सगळ्यात कसदार भाग म्हणजे पाला. दुपारच्या उन्हात वाळला पाला हात लागताच चुरतो आणि रानात राहतो. जनावराच्या वाट्याला नुसती धाटं येतात. पहाटेच्या दवानं पाला थोडा नरम पडतो, आळा वळतानाही ताट मोडत नाही. म्हणून तीन-साडेतीनला उठून चांदण्यात बांधणी, आणि ऊन तापलं की थांबायचं. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. मोजणी, वाटणी, उसनवारी सगळी पाचुंद्यावर. बांधलेल्या पेंढ्या बुचाड करून काही दिवस उभ्या ठेवायच्या, म्हणजे वारा आतून फिरतो. मग गाडीनं घराजवळ आणायच्या आणि चैत्राच्या उन्हात गंजी रचायची.

हे वाळवणं जिवावरचं असतं. दमट वैरण दाबून रचली की आत सूक्ष्मजीव वाढतात आणि ऊब धरते. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर असेल तर धोका सुरू होतो. आतली उष्णता बाहेर जायला वाट नसते, तापमान ६०-७० अंशांवर गेलं की पुढे रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत नेते, आणि दोन-चार आठवड्यांनी कुणी काडी न लावता गंजी पेटू शकते. आमच्या थोरल्या काकांना यातलं रसायन ठाऊक नव्हतं. ते रचलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघायचे आणि वास घ्यायचे. आंबूस वास आला की गंजी उकलायची, मग अर्धा दिवस गेला तरी चालेल.

रचण्याची विद्या

गंजी रचणारा गावात दोन-तीन जणांपैकी एक असायचा. खाली दगड, त्यावर बाभळीच्या फांद्या. वाळवी आणि जमिनीची ओल दोन्हींना अडसर. लांबोडकी गंजी, अरुंद बाजू पश्चिमेला, कारण मृगाचा वारा-पाऊस तिकडून येतो. मधलं पोट कायम कडांपेक्षा उंच ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पेंढीला बाहेरच्या बाजूला उतार मिळतो. वर दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर, गवतानं शाकारलेलं. काका वरून ओरडायचे, “आरं, बूड भाईर, शेंडा आत! घर शाकारल्यावाणी रच. पावसाला वाट द्यायची, पोटात घ्यायचं न्हाई.” खालून पेंढ्या फेकणारे आम्ही पुतणे. अंगावर कूस, मानेवर घाम, आणि त्यावर चैत्राचं ऊन.

आता थोडा हिशोब. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. आठच धरले तर एका जोडीला सोळा किलो. मार्चच्या मध्यापासून हिरवं गवत नीट हाती येईपर्यंत साधारण १२० दिवस. म्हणजे एका जोडीला जवळजवळ १९ क्विंटल. ही गंजी गेली तर नांगर थांबला, नांगर थांबला तर पुढचं वर्ष गेलं. पूर्वी मुलगी द्यायला निघालेले वडीलधारे दारातली गंजी आधी बघायचे असं आमच्याकडे सांगतात, त्यात गंमत कमी आणि हिशोब जास्त होता.

पलीकडच्या कन्नड शेजाऱ्यांची ‘बणवे’ आणि आमची गंजी यांत नावापलीकडे काही फरक नाही. सीमेच्या वादात या गोष्टीची नोंद कुणी घेतलेली नाही, पण ती घ्यावी अशी आहे.

महाराजांचं वैरणीचं पत्र

आता हेच गणित घोड्यांना लावून बघू, आणि त्यासाठी घाट उतरून कोकणात जाऊ. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं, मे महिन्यातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे लष्कर होतं. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा सारांश आपण शाळेपासून ऐकतो. पूर्ण पत्र वाचलं तर ध्यानात येतं, की त्याचा कणा दाणा आणि वैरण हाच आहे.

मुद्दे असे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-गवत आत्ताच हवा तसा उधळलात तर भर पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही मुलखाला उपद्रव द्याल. कुणी कुणब्याचं धान्य आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण. जी कुणबी मंडळी जीव धरून राहिली आहेत तीही निघून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. त्यापुढे आगीची ताकीद येते. कुणी भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखू ओढायला आगटी करेल, वारा आहे हे बघणार नाही. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली की सगळी छावणी जाईल, आणि मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक खणसुद्धा पुन्हा उभा राहणार नाही.

वात नेणारा उंदीर! ज्याच्या घरी गंजी आहे किंवा ज्यानं गंजी जळताना पाहिली आहे, त्यालाच हे सुचतं. आमच्या घरी परड्यात कंदील न्यायला बंदी होती, आणि कारण हेच सांगितलं जायचं.

यात अतिशयोक्ती किती? मोजून बघू. लहान चणीचा दख्खनी घोडा ३०० किलोचा धरला तर दिवसाला किमान सहा किलो वैरण, दाणा वेगळा. फक्त १,००० घोडी, पावसाळ्याचे १२० दिवस : ७२० टन. बैलगाडीत पाच क्विंटल बसले तर १,४४० गाड्या. सैल रचलेल्या गवताचं वजन घनमीटरला साधारण ६० किलो धरलं तर घनफळ १२,००० घनमीटर. दहा मीटर लांब, पाच रुंद आणि चार उंच अशा ६० गंज्या! आणि या गंज्या भोवताली शाकारलेल्या पागांच्या, शेकडो चुलींच्या सोबतीला, मे महिन्याच्या वाऱ्यात. आकडे माझे, ढोबळ आहेत. पण ते निम्मे केले तरी पत्रातली काळजी अक्षरशः खरी ठरते. हे गवत पावसात कापून वाळवता येत नाही. जे उन्हाळ्यात राखलं तेच आषाढात आहे. ते जळालं किंवा उधळलं, तर पुढची गंजी एकच उरते : कुणब्याची.

माझ्या मते या पत्राचं मोठेपण इथे आहे. रयतेवर दया करा एवढंच ते म्हणत नाही. अन्याय नेमका कुठल्या क्रमाने घडतो हे ते दाखवतं : आधी कोठारातली हयगय, मग टंचाई, मग लूट.

शब्दांत उरलेलं गवत

‘छावणी’ हा शब्द घ्या. मूळ अर्थ छावणं, शाकारणं. लष्कर पावसाळ्यात एका जागी थांबे, गवताची छपरं घाली, म्हणून छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन, कारण तोवर नद्या उतरलेल्या असतात आणि रानोमाळ गवत उभं असतं. आज दुष्काळात सरकार ‘चारा छावणी’ उघडतं तेव्हा शब्द फिरून जनावरांपाशी, म्हणजे आपल्या मूळ ठिकाणी येतो.

दुसरा शब्द ‘घासदाणा’. वडोदऱ्याच्या वाचकांना तो परिचित असेल. मराठी फौजांच्या घोड्यांसाठी गवत आणि दाणा, या नावाखाली ही वसुली चाले. गायकवाडांच्या बाबतीत महीकांठ्यातल्या संस्थानांकडून ती ठराविक रोख रकमेत येऊ लागली आणि इंग्रजी अमलातही नाव तेच राहिलं. घोडी गेली, गवत गेलं, पट्टी राहिली.

तिसरा शब्द ‘कुरण’. पेशवाईत सरकारी कुरणं राखलेली असत, आणि त्यांतलं गवत कापून पागेपर्यंत पोचवणं हे आसपासच्या गावांच्या वेठबेगारीत मोडे. म्हणजे ऐन सुगीत, स्वतःच्या रानातलं काम सोडून, दुसऱ्याची गंजी भरायला जायचं. घोडदळाच्या कीर्तीत या हातांचा वाटा आहे.

१८०३ : एक कूच आणि सुगी

आपल्याच भागातलं उदाहरण. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला आर्थर वेलस्ली हरिहरहून मार्चमध्ये निघाला आणि दक्षिण मराठा मुलूख ओलांडून २० एप्रिलला पुण्यात पोचला. तोफा ओढायला बैल, सोबत घोडदळ. या तारखा शेतीच्या पंचांगाशेजारी ठेवून बघा. फाल्गुन-चैत्र म्हणजे आपल्याकडे शाळूचा कडबा नुकताच बांधून झालेला, गंज्या भरलेल्या. लुटीवर बंदी घालून आणि पैसे मोजून जायचं त्याचं धोरण होतं. भरलेल्या मुलखातून असं जाता येतं. पुढे जूनमध्ये पुण्यापलीकडच्या ओरबाडलेल्या मुलखात पाऊस आणि वैरणीचा तुटवडा एकदम आले, आणि त्याचे बैल मरू लागले. सेनापती तोच, शिस्त तीच; गंज्या तेवढ्या नव्हत्या. १८०३-०४ मध्ये दख्खनला दुष्काळानं गाठलं. फौजांनी खाऊन टाकलेल्या प्रदेशाला एक पाऊस चुकलेलाही पुरतो.

आता

आमच्या भागात शाळूची जागा ऊस आणि सोयाबीननं घेतली. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, दारात दोन म्हशी राहिल्या. उरलेला कडबा कुट्टी होऊन पोत्यात भरला जातो. कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पहाटे तीनला कूस झेलत पेंढ्या बांधण्यात रम्य असं काही नव्हतं. पण बूड बाहेर-शेंडा आत ही रीत, हात घालून ऊब ओळखणं, वारा बघून गंजीचं तोंड ठरवणं, हे जाणणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. ती गेली की जुन्या कागदात ‘गवत’, ‘वैरण’, ‘पेंढे’ असे शब्द येतील आणि आपण ते किरकोळ खर्च समजून पान उलटू.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. घरच्या जुन्या वह्यांत कडबा, गवत, पेंढी, पाचुंदा अशा नोंदी असतील तर दर आणि महिना यांसह त्या मंडळाकडे पाठवा; बेळगाव असो, इंदूर असो की ग्वाल्हेर. आणि गावात गंजी रचणारं कुणी असेल, तर या चैत्रात त्यांच्याकडून एक रचून घ्या आणि पायापासून शेंड्यापर्यंत चित्रित करून ठेवा. सोबत त्यांचे शब्द त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. मोडीतल्या नोंदी वाचायला माणसं मिळतील. त्या नोंदींमागचं काम सांगणारी माणसं फार वर्षं मिळणार नाहीत.