भरतपूरचे मानवनिर्मित पक्षितीर्थ

अरण्य म्हटले की ते ईश्वरनिर्मित असावयाचे आणि माणसाने त्यास हात न लावणे हेच त्याचे रक्षण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना या पक्षितीर्थाचा इतिहास निराळा आहे. तेथील पाणी, बांध, मातीचे उंचवटे, फार काय, त्यांवरील बाभळीसुद्धा पुष्कळशा मनुष्याच्या हातच्या.

१७६१ साली पानिपताहून दैन्यावस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना अन्नवस्त्र व आश्रय देणारा सुरजमल जाट आपणांस ठाऊक आहेच. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पाण्यास आवर घालणारा अजान बांध त्याच्याच अमदानीतला. जवळच्या खोलगट भूमीत पावसाळ्यात पाणी साचे व हिवाळ्यात रानबदके उतरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर दरबाराने तेथे आडवे बांध, चर व झडपा करून पाणी हवे तेथे खेळविले. हेतू पक्षिरक्षणाचा मुळीच नव्हता. थोर पाहुण्यांना शिकार मनमुराद साधावी, एवढाच होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. कोरणाऱ्यांना त्याची लाज वाटली नसावी, हे उघडच आहे.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीस द्यावे, अशी मागणी झाली. मुंबईचे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत रदबदली केली व तळे वाचले. १९५६ साली ते अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पावेतो राहिलाच.

पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली गुरांना आत चरण्याची बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी नेणारे गावकरी खवळले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली. बंदी असावी, हे सलीम अलींचेही मत होते. परंतु त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे निरीक्षण केले, तेव्हा उलटेच दिसून आले: म्हशी नाहीशा होताच पाणगवत बेसुमार माजले, मोकळे पाणी आटोपले आणि बदकांना पोहावयास जागा उरेना. जे तळे माणसाने घडविले, त्यात त्याची गुरेही एक आवश्यक घटक होऊन बसली होती! मेलेल्या गावकऱ्यांच्या घरी हा निष्कर्ष कोणी नेऊन सांगितला असेल काय?

मग पाण्याचाच प्रश्न उभा राहिला. गंभीर नदीवर पाचना धरण झाल्यावर वरचे शेतकरी पाणी सोडीनात. त्यांचीही शेते कोरडीच होती. सायबेरियाचे पांढरे क्रौंच २००२ नंतर तेथे दिसले नाहीत. आता चंबळेचे पाणी नळाने आणावे लागते.

आपल्याकडे निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा पाटपाण्यासाठीच बांधला गेला. त्यामागे गाळ साचला, गाळात बेटे व पाणवनस्पती झाल्या, आणि पक्षी न बोलावता आले. २०२० साली रामसर यादीत त्याचे नाव गेले. महाराष्ट्रातील असे ते पहिलेच स्थळ. बंधारा बांधणाऱ्यांच्या हिशेबात पक्षी कोठेच नव्हते.