दिनविशेष : २८ मार्च
१९६२ : जिमी स्मिथची ऑर्गन आणि बिग बँडची जुगलबंदी

जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या ‘बॅशिन’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण आजच्या दिवशी पुरे झाले. व्हर्व्ह कंपनीसाठीचा हा त्याचा पहिला अल्बम. निर्माता क्रीड टेलर.

तोवर स्मिथची ख्याती होती ती त्रिकुटासाठी : ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स. वेगळा बासवादक लागतच नसे. डावा हात आणि पायाखालच्या पट्ट्या यांवर तो ते काम भागवी. त्याचा हॅमंड बी-३ ऑर्गन एकटाच आख्ख्या वाद्यवृंदाएवढा घुमतो. मग या अल्बमसाठी बिग बँडच्या, म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या ताफ्यात त्याला बसवायचे कुठे?

संगीत संयोजक ऑलिव्हर नेल्सनने ऑर्गन आणि बँड यांना एकमेकांवर कुरघोडी करू दिली नाही. एल्मर बर्नस्टीनच्या चित्रपटसंगीतातून घेतलेल्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मध्ये आधी बँड हळूहळू चढत जातो, ऑर्गन मागाहून शिरतो आणि ब्रासचे फटकारे त्याला उत्तरे देतात. बँडसोबत बासची बाजू मात्र जॉर्ज डुव्हिव्हिएने सांभाळली.

एका बाजूला बिग बँड, दुसऱ्या बाजूला जुनेच त्रिकूट, अशी तबकडीची वाटणी होती. ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ने बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २१वा क्रमांक गाठला. पुढे स्मिथ आणि नेल्सन यांनी आणखीही अल्बम केले.